आधी गोळी आणि मीठ, मग संत्रं: लकवा टळावा म्हणून ताट कसं लावायचं

“ताई, ते अँटीऑक्सिडंटवालं पाकीट द्या न. बाबाले लकवा मारू नये म्हणून पायजे.”

अमरावतीतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरमागे मी २९ वर्षं उभी राहिले. शेवटच्या दहाएक वर्षांत ही मागणी आठवड्यातून एकदा तरी यायचीच. पाकीट काढण्याआधी मी एकच विचारायची, “बाबांची बीपीची गोळी चालू आहे ना?” कितीदा तरी उत्तर यायचं, “ते बंद केली ताई. आता रस चालू केला.”

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानंही हेच केलं होतं. वरुडकडे त्याची संत्र्याची बाग आहे. २०१६ च्या दिवाळीपासून तो रोज सकाळी पेलाभर दुधी-आवळ्याचा रस घ्यायला लागला. अंगात हलकं वाटतंय म्हणाला आणि बीपीची अमलोडिपिनची गोळी हळूच सोडून दिली. मला कळू दिलं नाही. “पट्ट्या इकडेच घेतो आता” एवढंच फोनवर सांगितलं. जानेवारीतल्या एका पहाटे मोटर चालू करायला गेला, तर उजवा हात वर जाईना. घरच्यांना वाटलं थंडीनं आखडला. आपल्याकडे लकव्याला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, आणि वारं म्हटलं की तेल चोळणं आलंच. वहिनीनं तेल कोमट करून हात चोळून दिला, दादा पांघरूण घेऊन झोपला. दुपारी उठला तेव्हा तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि बोललेलं कळत नव्हतं. अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आठ तास उलटून गेले होते.

त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि स्वयंपाकघरात करून पाहिलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. भाज्या-फळांतल्या अँटीऑक्सिडंटवर माझा विश्वास आहे, म्हणूनच ती कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नाही हे नीट सांगावंसं वाटतं.

पाकिटात काय नसतं

चिरलेलं वांगं हवेत राहिलं की काळं पडतं, म्हणून आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो. तेल जुनं झालं की खवट होतं. दोन्हीकडे काम ऑक्सिजनचं. शरीरातही असंच काही चाललेलं असतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोडा थोडा तयार करतं आणि त्यामुळे नळी सैल राहते. बीपी वाढलेलं असेल, रक्तात साखर जास्त असेल, तंबाखू चालू असेल, तर तिथे ऑक्सिजनचे अस्थिर रेणू जास्त तयार होतात. ते हा वायू खाऊन टाकतात. वाईट कोलेस्टेरॉलही त्यांच्यामुळे एक प्रकारे खवट होतं आणि भिंतीत साचत जातं. नळी ताठर आणि अरुंद होते. पुढे कधीतरी तिथे गुठळी होते आणि मेंदूच्या एका भागाचं रक्त थांबतं. बहुतेक लकवे असे गुठळीचे असतात, बाकीचे नस फुटून होतात.

झाडांमध्ये या रेणूंना आवरणारी द्रव्यं, म्हणजेच अँटीऑक्सिडंट, भरपूर असतात: संत्र्याचा कडसर पांढरा भाग, जांभळाचा रंग, चहाचा तुरटपणा, टोमॅटोचा लाल. मग तीच काढून गोळीत भरली तर? हा विचार मोठमोठ्या डॉक्टरांनीही केला होता आणि तपासूनही पाहिला. २००२ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २०,५३६ माणसं, निम्म्यांना ५ वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, २५० मिलिग्रॅम सी आणि २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन. निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. लकव्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०१० साली ई जीवनसत्त्वाच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर गुठळीचे लकवे १० टक्के कमी, पण नस फुटून होणारे २२ टक्के जास्त. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. त्यात बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

हे सगळं वाचल्यावर मी काउंटरवर ती पाकिटं पुढे मांडणं बंद केलं. कोणी मागितलंच तर आधी पाच मिनिटं बोलायची. काही जण घ्यायचे, काही जण पैसे खिशात ठेवून परत जायचे. त्यांना मी म्हणायची, इतवारा बाजारात जाऊन याच पैशांचा भाजीपाला घ्या.

गोळीत जमत नाही ते ताटात का जमतं? एक तर ही रंगीत द्रव्यं पचल्यावर रक्तात फारच थोडी उरतात. ऑक्सिजनच्या रेणूंशी एकास एक झुंजण्यापेक्षा ती त्या अस्तरालाच जागं ठेवतात, जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात, असं आता जास्त मानलं जातं. दुसरं म्हणजे भाजी-फळांबरोबर पोटॅशियम येतं, चोथा येतो, आणि ताटातली शेव-पापडाची जागा आपोआप कमी होते. पाकिटात यातलं काहीच नसतं.

ताटाआधीची तीन कामं

पहिलं, बीपी. ३२ देशांत झालेल्या, भारतातले रुग्णही असलेल्या एका अभ्यासाचा अहवाल २०१६ मध्ये आला. लकव्याचा सुमारे ९० टक्के धोका टाळता येण्याजोग्या १० कारणांमध्ये सापडला आणि त्यात सगळ्यात मोठं कारण वाढलेलं बीपी. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवायची. ताट सुधारल्यावर बीपी खाली आलं तर घरी लिहिलेले आकडे डॉक्टरांना दाखवा, कमी करायची की नाही ते तेच ठरवतील.

घरी बीपी मोजताना घाई करू नका. चहा पिऊन अर्धा तास झालेला असावा, लघवी करून यावं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसावं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. दादा आता हे आकडे कॅलेंडरवर डाव्या हातानं लिहितो. सुरुवातीला त्याचा ३ आणि ८ सारखाच दिसायचा, आता वाचता येतो.

दुसरं, मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. घरात मोजायचं कसं? मला एक साधी युक्ती सुचली. मिठाचं १ किलोचं पाकीट फोडलं की त्यावर पेननं तारीख घालायची. चार मोठी माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे रोज २० ग्रॅम. पाकीट ५० दिवस पुरलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्यांदा मोजलं तेव्हा ते २६ दिवसांत संपलं, आणि त्यात लोणचं, पापड, बाहेरचा चिवडा धरलेला नव्हता. मी एकदम निम्मं केलं नाही. दर आठवड्याला भाजीतली एक चिमूट काढत गेले. जिभेला सवय व्हायला महिना-दीड महिना लागला. कणकेत आणि भातात मीठ घालणं पूर्ण थांबवलं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता पाकीट ४५ दिवसांपर्यंत जातं.

तिसरं, खर्रा. आपल्या विदर्भात हे वेगळं लिहायलाच हवं. खर्रा, गुडाखू, मिश्री, बिडी, काहीही असो, तंबाखू त्या अस्तराला रोज जखमा करते. सकाळी आवळा खाऊन दुपारी खर्रा घोटायचा, याला काही अर्थ नाही. सुटत नसेल तर सरकारी दवाखान्यांत तंबाखूमुक्तीचा सल्ला मिळतो, तिथे जा. एकट्यानं झगडत बसू नका.

संत्रं

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हे आपल्या दारचं फळ आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ६९,६२२ परिचारिकांच्या १४ वर्षांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संत्रावर्गीय फळांमध्ये फ्लॅव्हनोन नावाची द्रव्यं असतात. संत्र्यातलं हेस्पेरिडिन त्यातलंच. ज्या बायकांच्या खाण्यात ही सर्वांत जास्त होती, त्यांच्यात गुठळीच्या लकव्याचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा १९ टक्के कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. संत्री खाणाऱ्या बायका चालतही जास्त असतील, सिगारेटही कमी ओढत असतील; हा फरक गणितानं वजा करायचा प्रयत्न केलेला असतो, पण पूर्ण वजा होत नाही. तरीही फळांच्या बाबतीत असे पुष्कळ अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात. २०१४ मध्ये २० अभ्यास एकत्र केले तेव्हा रोजच्या प्रत्येक २०० ग्रॅम जास्त फळामागे लकव्याचा धोका सुमारे ३२ टक्के कमी आढळला, भाजीच्या २०० ग्रॅममागे ११ टक्के. आपली दोन मध्यम संत्री सोलली की साधारण २०० ग्रॅम भरतात.

आता खायचं कसं. हेस्पेरिडिन रसापेक्षा सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडीच्या पातळ सालीत जास्त असतं. आम्ही लहानपणी एकेक रेषा सोलून फोड अगदी स्वच्छ करायचो, आतल्या बियाही काढायचो, मग आजी ती फोड तोंडात घालायची. आता मी उलट करते. साल काढली की वरची जाळी तशीच ठेवायची, फोड सालीसकट चावायची, बी तेवढी थुंकायची. किंचित कडवट लागतं, चार दिवसांत सवय होते. रस काढून गाळला की ही जाळी, हा चोथा सगळा गाळणीत राहतो, आणि पेल्यात चार संत्र्यांची साखर एकदम येते. मधुमेह असलेल्यांनी तर रस टाळावाच. एक अख्खं संत्रं जेवणांच्या मधल्या वेळी चालतं का ते आपल्या साखरेवरून डॉक्टरांशी ठरवावं.

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. मधल्या काळात मोसंबी, पेरू, आवळा. आवळा किसून वाळवून ठेवला तरी बराच गुण राहतो, पण बाजारची आवळा सुपारी खारवलेली असते, घरी बिनमिठाची करा. पेरूला मीठ-तिखट लावून खायची सवय सोडायची. पिकलेल्या पेरूला त्याची गरजच नसते.

जवसाची चटणी

२०१३ मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस पावात वगैरे घालून दिला. बाकीच्यांपेक्षा त्यांचा बीपीचा वरचा आकडा साधारण १० नं कमी आला. चाचणी लहान, रुग्ण विशिष्ट आजाराचे, तेव्हा प्रत्येकाला एवढाच फरक पडेल असं नाही. पण लिग्नान नावाची अँटीऑक्सिडंट, ओमेगा-३ जातीचं तेल आणि चोथा असं तिन्ही एकत्र देणारं बी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि नवीन पिढी ते ‘फ्लॅक्ससीड’ म्हणून डब्यातून विकत आणते.

मी अशी करते. लोखंडी कढई मंद आचेवर तापू द्यायची. वाटीभर जवस घालायचा आणि सतत हलवायचं. आधी काहीच होत नाही. मग एक दाणा उडतो, मग दोन, आणि मिनिटभरात सगळी कढई तडतडायला लागते. वास बदामासारखा येतो. तडतड मंदावायला लागली की लगेच ताटात ओतायचं. कढईतच ठेवला तर करपतो आणि चटणी कडू होते. त्याच कढईत ८-१० लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरं, ४ सुक्या मिरच्या कोरड्याच परतायच्या. थंड झाल्यावर सगळं जाडसर दळायचं. मीठ पाव चमचा. पूर्वी मी दीड चमचा घालायची. त्याची भरपाई आंबटानं करायची: चमचाभर आमचूर किंवा सुक्या चिंचेचा तुकडा. आंबट आणि लसूण पुढे असले की जीभ मीठ मागत नाही. कमी मिठाच्या सगळ्या स्वयंपाकाला हीच युक्ती लागू पडते.

तीन गोष्टी सांभाळा. जवस दळलेलाच हवा. अख्खा दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. एका वेळी आठवड्याची करा, कारण हे तेल लवकर खवट होतं, आणि खवट जवस म्हणजे ज्याच्यासाठी खातो तेच गमावलं. तिसरं, पाणी पुरेसं प्या, नाहीतर पोट जड होतं. रोज दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, भाकरीबरोबर सहज जातात. आम्ही तेवढंच खातो.

अंबाडी, पालेभाजी आणि बाकीचं

लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत तुम्ही प्यायलं असेल. २०१० मध्ये बॉस्टनला ६५ जणांवर याच वनस्पतीच्या काढ्याची चाचणी झाली. रोज ३ कप, ६ आठवडे. वरचा आकडा सरासरी ७.२ नं उतरला, नुसतं त्या चवीचं पाणी पिणाऱ्यांचा १.३ नं. आम्ही हिवाळ्यात बोंडं सावलीत वाळवून बरणीत भरतो. मोठी चिमूटभर घेऊन कपभर उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, गाळायचं. साखर नाही. गोळी चालू असलेल्यांनी एका कपानं सुरुवात करावी आणि बीपी मोजत राहावं. उठताना चक्कर आली तर काढा थांबवावा, गोळी नव्हे.

पालेभाज्यांचं काम आणखी एका वाटेनं चालतं. पालक, माठ, चंदनबटवा, बीट यांत नायट्रेट असतं. तोंडातले जंतू त्याचं रूपांतर करतात आणि शेवटी शरीरात तोच नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. (म्हणून जंतुनाशक माउथवॉशनं रोज सकाळ-संध्याकाळ चुळा भरायची गरज नाही, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढेच दिवस.) पालेभाजी धुवायची आधी, चिरायची नंतर, आणि शिजवलेलं पाणी फेकायचं नाही. आमच्याकडची पालकाची पातळ भाजी या बाबतीत उत्तम आहे: डाळ-दाण्यांबरोबर सगळं पातेल्यातच राहतं. सी जीवनसत्त्व उष्णतेनं जातं, त्याची भरपाई गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळून होते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोही तेव्हाच घालायचा, आणि त्याच्या कोवळ्या काड्या टाकायच्या नाहीत.

टोमॅटोचं उलट आहे. त्याचा लाल रंग म्हणजे लायकोपिन, आणि ते शिजवून, थोड्या तेलाबरोबर जास्त अंगी लागतं. फिनलंडमधल्या १,०३१ पुरुषांच्या १२ वर्षांच्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ते सर्वांत जास्त होतं त्यांना लकवा ५५ टक्के कमी झाला. आकडा मोठा दिसतो, पण माणसं थोडी होती, एवढं लक्षात ठेवा. टोमॅटोचा रस्सा करा; बाटलीतल्या सॉसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही असतात. कांद्यातलं क्वेर्सेटिन नावाचं अँटीऑक्सिडंट बाहेरच्या पाकळ्यांत जास्त, म्हणून फक्त कागदी टरफल काढा, पहिली रसाळ पाकळी टाकू नका. शेंगदाणे लाल सालीसकट. जांभळं, करवंदं, बोरं हंगामात मिळतील तेवढी.

चहाबद्दल लोक नेहमी विचारतात. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ५५२ पुरुषांचा १५ वर्षांचा अभ्यास १९९६ मध्ये आला होता; जास्त फ्लॅव्होनॉइड (झाडांतली अशीच अँटीऑक्सिडंट द्रव्यं) घेणाऱ्यांना लकवा कमी झाला आणि ती बहुतेक काळ्या चहातून येत होती. पण आपला चहा म्हणजे निम्मं दूध आणि दोन चमचे साखर. २००७ मध्ये बर्लिनमध्ये १६ स्त्रियांवर केलेल्या छोट्या प्रयोगात दूध घातल्यावर चहाचा रक्तवाहिनीवरचा चांगला परिणाम दिसेनासा झाला. मी सकाळचा दुधाचा चहा सोडलेला नाही. दुपारचा मात्र कोरा, लिंबू पिळून घेते. जेवणाबरोबर नको, लोह कमी शोषलं जातं.

आणि हळद. फोडणीतली हळद चांगलीच आहे. पण तिच्यातलं कर्क्युमिन फार कमी शोषलं जातं, म्हणून मिरीचा अर्क मिसळून जोरदार कॅप्सूल विकतात. अशा कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. हळद डब्यातलीच खा.

कोणी जपून

वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडायची नाही, पण प्रमाण रोज सारखं ठेवायचं. एका आठवड्यात काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज पालक, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा तपासणीतला आकडा, डोलतो. आमच्याकडे एक काका श्रावणात रोज पालेभाजी खायला लागले आणि त्यांचा रिपोर्ट बिघडला. कारण शोधायला डॉक्टरांना आणि मला दोघांनाही वेळ लागला.

किडनीचा त्रास असेल तर यातलं बरंचसं तुमच्यासाठी नाही. पोटॅशियम साचलं तर हृदयाची लय बिघडू शकते. हिरवे रस, नारळपाणी, संत्र्यांचा मारा, काहीही विचारल्याशिवाय नको. कमरख (स्टार फ्रूट) तर चाखूही नका. कमी सोडियमच्या मिठाचंही तसंच. चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर चाचणी झाली. साध्या मिठाऐवजी चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरल्यावर लकवे १४ टक्के घटले. हा निकाल २०२१ चा. ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांच्यासाठी ते चांगलंच आहे. पण किडनीच्या रुग्णांनी, आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घरात आणावं.

पपनस आणि ग्रेपफ्रूट कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा असर वाढवतात. आपल्या संत्र्याचा तसा त्रास नाही.

एवढं करूनही

ताट धोका कमी करतं, संपवत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, पोरांनासुद्धा, हे पाठ हवं: हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक सोपं वाक्य म्हणायला सांगा, अडखळतं का? यातलं एक जरी एकाएकी झालं तर १०८ ला फोन. तेल चोळू नका, कांदा हुंगवू नका. पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालू नका, गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. ॲस्पिरिनही नाही, गुठळी आहे की नस फुटली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. जिथे सीटी स्कॅन आहे अशाच दवाखान्यात थेट जा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, काही मिनिटंसुद्धा महत्त्वाची असतात.

तिथे पोचल्यावर डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, “यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?” त्या दिवशी वहिनीला ते सांगता आलं नाही. पहाट होती, अंधार होता, एवढंच ती म्हणत राहिली. आता त्यांच्या माजघरात कॅलेंडरशेजारी एक मोठ्या आकड्यांचं घड्याळ टांगलंय, खाली दोरीला पेन बांधलंय आणि भिंतीवर ऑइलपेंटनं १०८ लिहिलंय.